व्हिसा दोघांचा, प्रवेश एकाचा

करोनाकाळात परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विवाहित विद्यार्थ्यांची नियमांनी केलेली कोंडी आणि तिने शिकवलेले धडे

परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आले, की विवाहित विद्यार्थ्याच्या घरी दोन याद्या तयार होतात. पहिली विद्यार्थ्याची असते आणि दुसरी पती किंवा पत्नीची. मार्च २०२० पर्यंत दुसरी यादी ही पहिलीची पुरवणी समजली जाई. शिक्षणशुल्काची सोय, बँकेतील शिल्लक, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि दोन तिकिटे एवढे जमले, की दाम्पत्य एकाच विमानाने रवाना होत असे. करोनाच्या साथीने हा क्रम मोडला. दोघांच्या पारपत्रांवर व्हिसाचा शिक्का असूनही एकाला प्रवेश आणि दुसऱ्याला प्रतीक्षा, अशी वेळ अनेक कुटुंबांवर आली. काहींची ही ताटातूट काही आठवड्यांत संपली, तर काहींना दीड-दोन वर्षे वाट पाहावी लागली.

हे का घडले, याचे उत्तर साथीच्या नियमांच्या रचनेत आहे. प्रत्येक देशाने सीमा बंद करताना 'कोणाला येऊ द्यायचे' याची यादी केली. त्या यादीत 'विद्यार्थी' हा शब्द बहुतेक ठिकाणी लवकर आला. 'विद्यार्थ्याचा जोडीदार' हा शब्द मात्र कुठे उशिरा आला, कुठे अटींसह आला आणि कुठे आलाच नाही.

दोन वेगळ्या परवानग्या

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला, हा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने तो कधीच खरा नव्हता. व्हिसा हा त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना असतो. आत सोडायचे की नाही, हे सीमेवरील अधिकारी ठरवतो. एरवी या फरकाची जाणीव होण्याचे प्रसंग थोडे येतात. करोनाकाळात मात्र अनेक देशांनी व्हिसाच्या जोडीला 'प्रवेशबंदीतून सूट' ही दुसरी अट घातली आणि हा फरक प्रत्येक प्रवाशाच्या अनुभवास आला.

भारतातून निघतानाही अडथळे होतेच. २३ मार्च २०२० पासून भारताने नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा थांबवली. ७ मे २०२० रोजी 'वंदे भारत' मोहीम सुरू झाली, जुलै २०२० पासून निवडक देशांशी 'एअर बबल' करार झाले आणि त्या मर्यादित उड्डाणांवर पुढची दीड वर्षे निघाली. नियमित सेवा पूर्ववत झाली ती २७ मार्च २०२२ रोजी. एअर बबलच्या नियमांत एक महत्त्वाचे कलम होते. प्रवाशाकडील व्हिसाच्या प्रकारावर त्या देशात प्रवेश मिळतो की नाही, याची खातरजमा तिकीट किंवा बोर्डिंग पास देण्यापूर्वी विमान कंपनीने करावयाची होती. त्यामुळे टोरांटो किंवा लंडनच्या सीमेवरील पहिली चौकशी प्रत्यक्षात मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावरील काउंटरवरच होऊ लागली. विद्यार्थ्याची कागदपत्रे तेथील कर्मचाऱ्यांच्या ओळखीची असत. जोडीदाराच्या बाबतीत मात्र 'तुम्ही कशासाठी जात आहात' हा प्रश्न हमखास येई आणि त्याचे उत्तर कागदावर दाखवावे लागे.

कॅनडा : कारण किती निकडीचे?

या प्रश्नाचे सर्वांत गुंतागुंतीचे रूप कॅनडात दिसले. कॅनडाने १८ मार्च २०२० रोजी परदेशी नागरिकांवर प्रवेशबंदी लागू केली. ज्यांच्याकडे त्या दिवशी स्टडी परमिट होते किंवा ज्यांचे परमिट त्या दिवसापर्यंत मंजूर झाले होते, त्यांना सूट मिळाली. त्यानंतर मंजुरी मिळालेले विद्यार्थी अडकून पडले. व्हिसा अर्ज केंद्रे टाळेबंदीत बंद असल्याने अनेकांना बायोमेट्रिक नोंद किंवा वैद्यकीय तपासणीही करता येत नव्हती. यावर उपाय म्हणून जुलै २०२० मध्ये कॅनडाने दोन टप्प्यांच्या मंजुरीची तात्पुरती पद्धत आणली. पहिल्या टप्प्यात तत्त्वतः मंजुरी मिळे. तिच्या आधारे भारतातून ऑनलाइन वर्ग सुरू करता येत असत, पण प्रवास करता येत नसे.

खरा बदल २० ऑक्टोबर २०२० रोजी झाला. ज्या शिक्षणसंस्थेचा करोना सज्जता आराखडा त्या प्रांताच्या सरकारने मंजूर केला आहे, त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांना कॅनडात येण्याची मुभा मिळाली. याच टप्प्यावर विद्यार्थ्याच्या निकटच्या कुटुंबीयांचा, म्हणजे पती, पत्नी आणि अवलंबून असलेल्या मुलांचा विचार झाला. ते विद्यार्थ्यासोबत येऊ शकतील, मात्र त्यांचा प्रवास ऐच्छिक नसावा, अशी अट होती. अभ्यासक्रमाच्या आरंभी विद्यार्थ्यासह कॅनडात बिऱ्हाड थाटणे हे कारण ग्राह्य धरले जात होते. भेटीसाठी किंवा सहलीसाठी येणे ऐच्छिक ठरत होते.

वरवर पाहता ही सवलत पुरेशी वाटते. अडचण होती ती 'सोबत' या शब्दात. पुण्यातील एखादे जोडपे उदाहरणादाखल घ्यावे. पत्नीला कॅनडातील पदव्युत्तर अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला आहे आणि पती येथे नोकरी करतो. दोघांनी एकाच वेळी अर्ज केले, दोघांना एकाच सुमारास मंजुरी मिळाली आणि ते एकाच विमानाने निघाले, तर दोघांचे मिळून एकच कारण होते आणि ते स्पष्ट होते. पतीने नोकरी लगेच सोडणे धोक्याचे वाटून 'तू पुढे हो, मी तीन महिन्यांनी येतो' असे ठरवले, तर नियमांच्या लेखी तो वेगळा प्रवासी ठरत होता. आता त्याला सोबत जायचे नव्हते. आधीच तेथे असलेल्या पत्नीकडे जायचे होते.

आधी एक, नंतर दुसरा

कॅनडात तात्पुरत्या वास्तव्यासाठी राहणाऱ्या व्यक्तीच्या निकटच्या कुटुंबीयांना पुनर्भेटीसाठी यायचे असेल आणि प्रवास अमेरिकेखेरीज अन्य देशातून असेल, तर कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाची लेखी अनुमती घ्यावी लागत होती. हे पत्र व्हिसाहून निराळे होते. ते नसेल, तर पारपत्रावर वैध व्हिसा असूनही विमानतळावरून परतण्याची पाळी येऊ शकत होती. कॅनडाचे नागरिक आणि तेथील कायम रहिवासी यांच्या पती-पत्नींसाठी जून २०२० मध्येच वाट मोकळी झाली होती. विद्यार्थ्याचा जोडीदार त्या गटात बसत नव्हता, कारण विद्यार्थी हा तात्पुरता रहिवासी असतो.

ओपन वर्क परमिटमुळे गोंधळात भर पडली. त्या काळी पात्र शिक्षणसंस्थेतील पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या जोडीदाराला कॅनडात कोणत्याही मालकाकडे काम करण्याचा हा परवाना मिळू शकत असे. अनेक कुटुंबांचा खर्चाचा हिशेबच त्यावर उभा होता. एकाने शिकायचे, दुसऱ्याने कमवायचे आणि कर्जाचे हप्ते भागवायचे, अशी ती योजना असे. मात्र परवाना मंजूर झाल्याचे पत्र आणि प्रवेशबंदीतून सूट या दोन वेगळ्या बाबी होत्या. काम करण्याची परवानगी असली, तरी 'आताच येणे का आवश्यक आहे' या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यावे लागत होते. परिणामी, ज्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढले, ते उत्पन्न सुरू होण्यापूर्वी विद्यार्थ्याला एकट्याने घरभाडे आणि शुल्क पेलावे लागले.

प्रवेश मिळाल्यानंतरचे सोपस्कारही थोडे नव्हते. चौदा दिवसांचे विलगीकरण, त्याचा लेखी आराखडा आणि नोव्हेंबर २०२० पासून विमान प्रवाशांना सक्तीचे झालेले 'अराइव्हकॅन' हे ॲप, अशी ती यादी होती. २२ फेब्रुवारी २०२१ पासून सरकारमान्य हॉटेलात स्वखर्चाने तीन रात्री काढण्याच्या सक्तीची त्यात भर पडली. ही सक्ती ९ ऑगस्ट २०२१ रोजी मागे घेण्यात आली.

पाच महिन्यांची विमानबंदी

भारतातील दुसऱ्या लाटेने उरलीसुरली वाटही बंद केली. २२ एप्रिल २०२१ रोजी कॅनडाने भारतातून येणारी थेट प्रवासी विमाने थांबवली. सुरुवातीला तीस दिवसांची असलेली ही बंदी दर महिन्याला वाढत गेली आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी उठली. तोवर सप्टेंबरचे सत्र सुरूही झाले होते. बंदी विमानांवर होती, माणसांवर नव्हती. त्यामुळे तिसऱ्या देशातून जाण्याचा मार्ग खुला राहिला. परंतु त्या तिसऱ्या देशात करोना चाचणी करून तिचा नकारात्मक अहवाल सादर करणे सक्तीचे होते. भारतातील चाचणी त्यासाठी चालत नव्हती.

यातून दोहा, माले, बेलग्रेड, मेक्सिको सिटी असे वळणावळणाचे मार्ग निघाले. विद्यार्थी एकटा असेल, तर हा द्राविडी प्राणायाम कसाबसा साधत होता. दाम्पत्याला त्याचा खर्च दुप्पट आणि जोखीम दुप्पटीहून अधिक होती. मधल्या देशात दोघांपैकी एकाची चाचणी सकारात्मक आली, तर दुसऱ्याने पुढे जायचे की थांबायचे, असा पेच पडणार होता. पुढे गेल्यास सोबत प्रवासाचा आधार सुटणार आणि थांबल्यास सत्र बुडणार. त्यामुळे अनेक घरांत निर्णय एकच झाला. ज्याचे शिक्षण आहे त्याने जावे, दुसऱ्याने विमाने सुरू होईपर्यंत थांबावे.

७ सप्टेंबर २०२१ पासून कॅनडाने मान्य लशींची पूर्ण मात्रा घेतलेल्या परदेशी प्रवाशांना कोणत्याही कारणासाठी प्रवेश खुला केला. जोडीदाराच्या दृष्टीने हा निर्णय सर्वांत मोलाचा होता, कारण 'कारण ऐच्छिक की आवश्यक' हा वादच त्याने संपवला. उरलेले सर्व करोना निर्बंध कॅनडाने १ ऑक्टोबर २०२२ रोजी हटवले.

ब्रिटन : दार उघडे, खर्च मोठा

ब्रिटनने वेगळा मार्ग पत्करला. २३ एप्रिल २०२१ रोजी भारत ब्रिटनच्या 'लाल यादी'त गेला. पर्यटक आणि अल्पकालीन पाहुणे यांना दार बंद झाले. मात्र ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क असलेल्यांना येण्याची मुभा होती आणि दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असलेली व्यक्ती त्यात मोडत होती. विद्यार्थ्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचा व्हिसाही वास्तव्याचाच असल्याने त्याला किंवा तिला स्वतंत्र कारण सिद्ध करावे लागत नव्हते. कॅनडाचा 'तुम्ही का येत आहात' हा प्रश्न ब्रिटनने विचारला नाही. त्याऐवजी दहा दिवसांच्या हॉटेल विलगीकरणाचे बिल पुढे ठेवले.

या बिलाची रचना बोलकी होती. एका प्रौढ व्यक्तीसाठी १,७५० पौंड आणि त्याच खोलीतील दुसऱ्या प्रौढासाठी ६५० पौंड आकारले जात. म्हणजे दाम्पत्य एकत्र गेल्यास २,४०० पौंड पडत. तेच दोघे महिन्याच्या अंतराने स्वतंत्रपणे गेले असते, तर ३,५०० पौंड मोजावे लागले असते. एकत्र जाण्याचा फायदा कॅनडात कायद्याच्या भाषेत होता, ब्रिटनमध्ये तो थेट अकराशे पौंडांचा होता. ८ ऑगस्ट २०२१ रोजी भारत लाल यादीतून बाहेर आला आणि हा भुर्दंड टळला.

याशिवाय जोडीदारासाठी निर्वाहनिधी दाखवण्याची अट होतीच. त्या काळच्या नियमांनुसार लंडनमध्ये दरमहा ८४५ पौंड आणि लंडनबाहेर ६८० पौंड, तेही जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी खात्यात असणे आवश्यक होते. लंडनसाठी ही रक्कम ७,६०५ पौंड होते. ती सलग अठ्ठावीस दिवस खात्यात असावी लागे. टाळेबंदीत वेतनकपात झालेल्या घरांना हे अठ्ठावीस दिवस जड गेले असणार, हे सांगावयास नको.

ऑस्ट्रेलिया : दोघांनाही बंदी

ऑस्ट्रेलियात पेच वेगळाच होता. २० मार्च २०२० रोजी रात्री या देशाने नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे निकटचे कुटुंबीय वगळता सर्वांसाठी सीमा बंद केली. विद्यार्थी व्हिसा असलेला आणि त्याचा जोडीदार असे दोघेही यादीबाहेर राहिले. अपवाद अगदी मोजक्यांसाठी होते. सरसकट प्रवेश सुरू झाला तो १५ डिसेंबर २०२१ रोजी, तोही लसवंतांना. आधी १ डिसेंबरची तारीख जाहीर झाली होती, पण ओमायक्रॉनमुळे ती पुढे ढकलली गेली.

येथे ताटातुटीची दिशा उलटी होती. विद्यार्थी साथीपूर्वीच तेथे पोहोचलेला आणि जोडीदार भारतात, अशा जोडप्यांना सर्वांत मोठी झळ बसली. विद्यार्थ्याला देश सोडण्यास मनाई नव्हती, पण सोडल्यास परत येण्याची हमी नव्हती. आई-वडिलांचे आजारपण असो वा पत्नीचे बाळंतपण, जावे तर शिक्षण अर्धवट राहणार आणि न जावे तर आयुष्यातील महत्त्वाचा क्षण मोबाइलच्या पडद्यावर पाहावा लागणार. जवळजवळ एकवीस महिने हीच परिस्थिती होती. मे २०२१ मध्ये तर भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही ऑस्ट्रेलियाने कारावास व दंडाची तरतूद दाखवून काही दिवस रोखून धरले होते. तेथे तात्पुरत्या व्हिसावरील जोडीदाराची दाद कोण घेणार?

शेजारच्या न्यूझीलंडने १९ मार्च २०२० रोजी बंद केलेली सीमा पूर्णपणे उघडली ती ३१ जुलै २०२२ रोजी.

अमेरिका : व्हिसाच दुर्मीळ

अमेरिकेत विद्यार्थ्याला एफ-१ आणि त्याच्या पती किंवा पत्नीला एफ-२ व्हिसा मिळतो. एफ-२ हा सर्वस्वी एफ-१ वर अवलंबून असतो. विद्यार्थी आधी किंवा सोबत असल्याशिवाय जोडीदाराला प्रवेश नाही आणि विद्यार्थ्याचा दर्जा गेला की जोडीदाराचाही जातो. जोडीदाराला अमेरिकेत नोकरी करता येत नाही. मार्च २०२० मध्ये भारतातील अमेरिकी वकिलातींनी नेहमीच्या मुलाखती थांबवल्याने येथे पहिला तुटवडा मुलाखतीच्या तारखांचाच झाला. जुलै २०२० मध्ये केवळ ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा, असा फतवा निघाला. देशभर विरोध झाल्यावर आठवडाभरात तो मागे घेण्यात आला. पण तेवढ्या काळात, विद्यार्थ्याचा दर्जा डळमळला की जोडीदाराच्या पायाखालची जमीन कशी सरकते, हे दिसून गेले.

४ मे २०२१ पासून भारतातून येणाऱ्यांवर अमेरिकेने निर्बंध घातले. अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांच्या पती-पत्नींना त्यातून वगळले होते. १ ऑगस्ट २०२१ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांनाही सूट मिळाली. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी देशनिहाय बंदी संपून तिची जागा लसीकरणाच्या अटीने घेतली.

लस विद्यार्थ्याला, जोडीदाराला रांग

प्रवेशाची किल्ली लशीच्या हाती गेल्यावर एक नवी तफावत पुढे आली आणि ती भारतातच होती. मे २०२१ मध्ये लशींच्या टंचाईमुळे महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण थांबवावे लागले होते. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर ८४ दिवसांवर गेले होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रवास असणाऱ्यांना हे गणित जमणारे नव्हते. म्हणून केंद्र सरकारने ७ जून २०२१ रोजी विशेष कार्यपद्धती जाहीर करून अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली. ती तीन गटांसाठी होती : शिक्षणासाठी परदेशी जाणारे विद्यार्थी, परदेशात नोकरीवर रुजू होणारे आणि टोकियो ऑलिम्पिकच्या भारतीय पथकातील खेळाडू व त्यांचे सहकारी.

या तीन गटांत विद्यार्थ्याची पत्नी किंवा पती यांचा उल्लेख नव्हता. म्हणजे एकाच घरातील, एकाच दिवशी पहिली मात्रा घेतलेल्या दोघांपैकी विद्यार्थ्याचे लसीकरण महिन्याभरात पूर्ण होणार आणि जोडीदाराला जवळजवळ तीन महिने थांबावे लागणार. सोबत निघण्याचा बेत येथेच फसत होता. पहिली मात्रा कोव्हॅक्सिनची असल्यास प्रतीक्षा आणखी लांबे. कॅनडाने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली ती ३० नोव्हेंबर २०२१ पासून. पहिल्या मात्रेच्या वेळी केंद्रावर जी लस उपलब्ध होती ती घेणाऱ्याला, त्या एका निवडीवर परदेशातील संसार अवलंबून राहील, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

पंचवीस माणसांचे लग्न

जोडीदाराच्या अर्जात सर्वांत कळीचा कागद म्हणजे विवाहाचा पुरावा. केवळ व्हिसासाठी विवाह झाला नाही ना, हे तपासण्याचा अधिकार व्हिसा अधिकाऱ्याला असतो. त्यासाठी नोंदणी प्रमाणपत्रासोबत लग्नाची छायाचित्रे, पत्रिका, एकत्रित खाते, परस्परांशी झालेला संपर्क असे पुरावे पाहिले जातात. नेमक्या याच बाबतीत साथीच्या काळातील विवाह उणे पडत होते. २२ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात विवाह समारंभ दोन तासांत आणि पंचवीस जणांच्या उपस्थितीत उरकण्याचे बंधन आले. पत्रिका छापल्या गेल्या नाहीत, स्वागत समारंभ झाले नाहीत, दूरचे नातेवाईक छायाचित्रांत दिसले नाहीत. एरवी ज्या साध्या विवाहाचे कौतुक झाले असते, त्याच्याविषयी परदेशी अधिकाऱ्याला मात्र लेखी खुलासा द्यावा लागत होता. त्या वेळचा सरकारी आदेश अर्जास जोडणे, हा त्यावरचा सोपा उपाय होता.

व्हिडिओ कॉलवरील विवाहांची बाब याहून गंभीर होती. विवाहविधीच्या वेळी वधू-वर दोघेही प्रत्यक्ष हजर नसतील, तर कॅनडाचे इमिग्रेशन नियम अशा विवाहाच्या आधारे पती-पत्नीचे नाते मान्य करीत नाहीत. ही तरतूद २०१५ पासून आहे. वर परदेशात अडकलेला आणि वधू महाराष्ट्रात, मुहूर्त टळू नये म्हणून संगणकाच्या पडद्यासमोर अक्षता टाकलेल्या, असे विवाह भावनेच्या पातळीवर कितीही खरे असोत, व्हिसासाठी ते निरुपयोगी होते.

नोंदणीतही विलंब झाला. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार वधू-वरांना साक्षीदारांसह नोंदणी करावी लागते. विशेष विवाह कायद्याखाली विवाह करायचा, तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. कार्यालये बंद किंवा अपुऱ्या कर्मचाऱ्यांनिशी सुरू असताना हे दिवस लांबत गेले. ज्यांनी विवाहानंतर लगेच नोंदणी केली होती, त्यांचा अर्ज पुढे सरकला. 'व्हिसाच्या वेळी पाहू' म्हणणारे मागे राहिले.

साथ सरली, नियम कडक झाले

आज यातील एकही करोना निर्बंध लागू नाही. तरीही जोडीदाराला सोबत नेणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, असे म्हणता येणार नाही. साथीने बंद केलेली दारे उघडली, पण त्यानंतर स्थलांतर कमी करण्याच्या धोरणांनी त्यांतील काही पुन्हा लोटून घेतली. ब्रिटनमध्ये साथीच्या काळात नऊ महिने किंवा अधिक मुदतीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी जोडीदाराला नेऊ शकत होता. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ही सवलत संशोधनपर पदव्युत्तर पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीवरील विद्यार्थी यांच्यापुरती उरली आहे. एका वर्षाच्या नेहमीच्या एम. एस्सी. वा एम.बी.ए.साठी जाणाऱ्याला पती किंवा पत्नीला अवलंबित म्हणून नेता येत नाही. कॅनडाने २१ जानेवारी २०२५ पासून विद्यार्थ्याच्या जोडीदाराचे ओपन वर्क परमिट डॉक्टरेट, किमान सोळा महिन्यांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि काही निवडक व्यावसायिक अभ्यासक्रम यांच्यापुरते मर्यादित केले आहे. अमेरिकेत एफ-२ व्हिसावर नोकरीस असलेली मनाई कायम आहे.

म्हणूनच करोनाकाळातील अनुभवांचे मोल केवळ ऐतिहासिक नाही. सीमा पुन्हा कधी, कोणत्या कारणाने आवळल्या जातील, हे सांगता येत नाही. त्या आवळल्या गेल्या, की नियम प्रथम विद्यार्थ्याचा विचार करतात आणि जोडीदाराचा नंतर, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले आहे. परदेशी शिक्षणाचा बेत आखणाऱ्या दाम्पत्यांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात :

० अभ्यासक्रम निवडतानाच जोडीदाराच्या व्हिसाचे नियम पाहावेत. प्रवेश आणि शुल्क निश्चित झाल्यावर ते पाहण्यात अर्थ नसतो.

० विवाहानंतर लगेच नोंदणी करून घ्यावी. पारपत्र, नोंदणी प्रमाणपत्र आणि इतर कागदपत्रांतील नावांचे स्पेलिंग सारखे असल्याची खात्री करावी.

० शक्य असेल तेथे दोघांचे अर्ज एकाच वेळी करावेत. एक पुढे जाणार असेल, तर दुसऱ्याने कोणत्या आधारावर यायचे, हे आधीच लेखी स्वरूपात तपासून ठेवावे.

० 'व्हिसा मंजूर' आणि 'प्रवेशास पात्र' या दोन बाबी वेगळ्या मानाव्यात. तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरील प्रवेशनियम वाचावेत आणि त्यांची छापील प्रत जवळ ठेवावी.

० जोडीदाराच्या कमाईवर कर्जाच्या पहिल्या वर्षाचा हिशेब बसवू नये. ती कमाई सहा महिने उशिरा सुरू झाली, तरी शिक्षण चालू राहील इतकी तजवीज असावी.

० जोडीदाराने येथील नोकरीचा राजीनामा प्रवेशाची वाट पूर्णपणे मोकळी झाल्यावरच द्यावा. शक्य असल्यास बिनपगारी रजेचा मार्ग आधी पाहावा.

परदेशी शिक्षण हा एकट्याचा निर्णय क्वचितच असतो. एकाच्या पदवीसाठी दुसरा नोकरी सोडतो, घर बदलतो, मूल होऊ देण्याचा विचार पुढे ढकलतो. व्हिसाच्या भाषेत या दुसऱ्या माणसाला 'अवलंबित' म्हणतात. संसारात मात्र कोण कोणावर अवलंबून आहे, हे इतके सोपे नसते. साथीच्या काळात परदेशातील रिकाम्या खोलीत चौदा दिवस एकट्याने काढणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि इकडे बांधलेल्या बॅगा पुन्हा उघडणाऱ्या त्यांच्या जोडीदारांना ते पुरते उमगले आहे.